डिकीतल्या आठ पिशव्या

आई, चालवली! आज पाच इंच बर्फात तुमची गाडी मी चालवली! घरापासून ऑफिसपर्यंत अकरा मैल, आणि संध्याकाळी परत अकरा मैल. एकदाही बंद पाडली नाही, कुठे रुतवली नाही, कुणाला हॉर्न वाजवायची वेळ आणली नाही. सहा वर्षं या गाडीच्या नावाने खडे फोडणारी मी, तीच मी! ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावली तेव्हा मी एकटीच मोठमोठ्याने हसत होते. शेजारच्या गाडीतून उतरलेल्या बाईने काचेवर टकटक करून विचारलं, "यू ओके, हनी?" तिला काय सांगणार? माझ्या सासूबाईंना जाऊन सहा आठवडे झालेत आणि मला हे आत्ताच्या आत्ता त्यांनाच सांगायचंय, दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही, हे तिला कसं कळणार? मी म्हटलं, "व्हेरी ओके!"

आता घरी आलेय, बूट काढले, चहा केला आणि लिहायला बसले. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या अंकासाठी शोभाकाकूंनी तुमच्यावर चार ओळी मागितल्यात. जन्म, शिक्षण, नोकरी, पुरस्कार हे सगळं त्यांच्याकडे आहे, ते त्या छापतील. मी तुमच्याशीच बोलणार. बाकीच्यांनी हवं तर ऐकावं. एक गोष्ट मात्र मला सगळ्यांच्या देखत सांगायची आहे. तुम्ही थंडीत गाडी चालवणं का सोडलंत याबद्दल मंडळात जे बोललं जातं ते खोटं आहे, आणि खरं काय ते या घराबाहेर कुणालाच माहीत नाही. तिथवर पोचायला मला थोडा वेळ लागेल. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, बोलायचं असतं एक आणि मी सुरू करते भलतीकडूनच.

तर गाडीपासूनच सुरू करते.

ब्रेक टेस्टिंगच्या लॅबमधून तीस वर्षांनी तुम्ही निवृत्त झालात. आम्हाला वाटलं, आता आई भारतात चार महिने राहतील, बागकाम करतील, गुडघ्यांसाठी पोहायला जातील. तुम्ही त्याच आठवड्यात जाऊन ही गाडी घेऊन आलात. दोन दारांची, गडद हिरवी, आठ सिलिंडर, साडेचारशे घोड्यांची, आणि सगळी ताकद मागच्या दोन चाकांना. त्यात पुन्हा क्लच आणि गिअर! ड्राइव्हवेमध्ये गाडी उभी राहिली आणि समोरच्या घरातला कुत्रा भुंकायचं सोडून आत पळाला. निखिल, तुमचा मुलगा, इथे जन्मलेला, इथे वाढलेला, दातांचा डॉक्टर, अतिशय शांत माणूस. तो दारात उभा राहून नुसतं "आई... व्हाय?" एवढंच म्हणाला.

मी एवढ्यावर थांबणारी नव्हते.

"आई, ही गाडी? मिशिगनमध्ये, नोव्हायच्या थंडीत?"

"का? थंडीत इथे गाड्यांची चाकं काढून ठेवतात का?"

"अहो, चारही चाकांना पॉवर असलेल्या गाड्या घसरतात इथे!"

"त्या घसरतात कारण चालवणाऱ्याला वाटतं, गाडी बघून घेईल. ही गाडी तसला गैरसमज होऊ देत नाही."

आणि मग तुम्ही ती उन्हाळ्यात मिरवायला नाही, तर रोज चालवायला काढलीत. निवृत्त झाल्यावर कम्युनिटी कॉलेजात मुलांना ब्रेक शिकवायची नोकरी धरलीत, सोमवार ते शुक्रवार, सकाळी सातला घराबाहेर. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. इथे ज्यांच्याकडे अशी गाडी असते ते नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधी तिला कापड पांघरून गॅरेजमध्ये झोपवतात. तुम्ही मात्र गॅरेजमध्ये चटई अंथरून, स्वेटरवर माझा जुना ॲप्रन बांधून, जॅक लावून स्वतः बर्फाचे टायर चढवायचात. बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात ते खाली लागलेलं मीठ दर शनिवारी गरम पाण्याने धुवायचात. मिठाने गाडी गंजेल म्हणून मी ओरडले की म्हणायचात, "लोणच्याला मीठ लागतं आणि रस्त्यालाही लागतं. धुतलं की झालं."

तुम्हाला बर्फाची भीती नव्हती याचं कारण मला फार उशिरा कळलं. ऐन तिशीत कंपनीने तुम्हाला वरच्या मिशिगनमध्ये हिवाळी चाचण्यांना पाठवलं होतं, गोठलेल्या तळ्यावर. तीस माणसं आणि तुम्ही एकटी बाई, डब्यात थालीपीठ घेऊन गेलेली सांगलीची. सकाळपासून दुपारपर्यंत बर्फावर गाड्या मुद्दाम घसरवायच्या आणि मग सावरायच्या, हे काम! त्यासाठी पगार मिळायचा! हे सांगताना तुमचा चेहरा जो व्हायचा, तसा चेहरा मी आमच्या लग्नाच्या दिवशीही बघितला नाही. माफ करा, पण खरं तेच सांगतेय.

आता डिकी. मागच्या चाकांनी ओढणारी गाडी मागून हलकी असली की बर्फात मागची बाजू घसरून तिची शेपूट सुटते. म्हणून इथले लोक हार्डवेअरच्या दुकानातून वाळूच्या पिशव्या आणून डिकीत टाकतात. तुम्ही दुकानात गेलात, वाळूचा भाव बघितलात आणि रिकाम्या हाताने परत आलात. "वाळू विकत घ्यायची आणि मार्चमध्ये फेकायची? त्यापेक्षा तांदूळ घेईन." आणि खरंच घेतलेत! इंडियन ग्रोसरीतून वीस-वीस पौंडांच्या आठ पिशव्या, पाच तांदळाच्या आणि तीन कणकेच्या. बरोबर मागच्या चाकांच्या वर, खाली जुनी सतरंजी, वरून ताडपत्री, सगळं दोरीने आवळून. "थंडीत डिकीत ठेवलं की किडेही होत नाहीत," हे तुमचं दुसरं कारण. ते ऐकून तुमच्या लॅबमधला गोरा मित्र म्हणाला होता की एवढ्या वर्षांत इतकं चांगलं बॅलास्ट, म्हणजे तोलाचं वजन, त्याने बघितलं नाही. मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला की आपण डिकीतली एकेक पिशवी घरात आणून खायला सुरुवात करायचो. वजन जायचं, बर्फ जायचा. निखिल म्हणायचा, "वी आर ईटिंग द कार." मला लाज वाटायची, कुणी पाहुणा समोर असला की मी विषय बदलायचे. आज त्याच गोष्टीवर जीव ओवाळून टाकावासा वाटतो.

आणि या घरात क्लच येणाऱ्या आपण दोघीच! निखिलला गिअरची गाडी येत नाही, त्याच्या मित्रांपैकी कुणालाच येत नाही. मला येते, कारण नागपुरात बाबांच्या जुन्या खटाऱ्यावर मी शिकले. तुम्हाला हे कळलं त्या रविवारी सकाळी तुम्ही मला शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये घेऊन गेलात. रात्री बर्फ पडून गेलेला, वर लख्ख ऊन. तुम्ही उतरून माझ्या बाजूला आलात, दार उघडलंत आणि म्हणालात, "सरक."

"आई, मी नाही. मला मरायचं नाहीये."

"इथे आपटायला आहे काय? कचऱ्याचा एक डबा. त्याला आपटलीस तर मी नवीन घेऊन देते शाळेला."

मी पहिल्या गिअरमध्ये निघाले आणि चाकं जागच्या जागी गरगरली. तुम्ही म्हणालात, दुसऱ्यात टाक. "आणि पाय असा ठेव, धिरड्याला कडेने तेल सोडतेस ना तसा. भसकन ओतायचं नाही." आई, मला त्या क्षणी कळलं! इतक्या पुस्तकांनी आणि व्हिडिओंनी जे कळलं नव्हतं ते त्या धिरड्याने कळलं. गाडी अलगद निघाली. मग तुम्ही मला मुद्दाम वळणावर जास्त पाय द्यायला लावलंत, शेपूट सुटली, मी किंचाळले आणि ब्रेकवर उभी राहिले, आपण तीनदा गोल फिरलो. तुम्ही हसत होतात. पोट धरून हसत होतात! "ब्रेकचं नाव काढायचं नाही. पाय हळू काढ, स्टिअरिंग शेपटीच्या बाजूला, आणि नजर कुठे? जायचंय तिथे. डब्याकडे बघितलंस तर डब्यालाच जाशील." पंधराव्या वेळेला मी तिला पकडलं. पंधराव्या! तुम्ही टाळी दिलीत. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि आपण पहिल्यांदाच एकमेकींना टाळी देत होतो.

तरी घरी आल्यावर मी पुन्हा तेच तुणतुणं वाजवलं. विका ही गाडी. मजा म्हणून ठीक आहे, पण रोज, या वयात? तुम्ही कॉलेजला निघालात की पोचल्याचा मेसेज येईपर्यंत मी फोन हातातून खाली ठेवायचे नाही. ही काळजी खरी होती. पुढे जे सांगणार आहे त्यात कुणाला वाटेल की मी वाईट हेतूने केलं. काळजी खरीच होती, पण ती खरी असूनही मी जे केलं ते केलंच.

गेल्या जानेवारीची गोष्ट. मंडळाच्या संक्रांतीला मसालेभाताची जबाबदारी मी घेतली होती आणि गूळपोळीवाल्यांनाही कणीक देते म्हणून सांगून बसले होते. शनिवारी सकाळी बघते तर मी सामान आणायलाच विसरलेले. बाहेर बर्फ, दुकान वीस मिनिटं लांब, आणि आपल्या गॅरेजमध्ये सगळं तयार! तुम्ही आंघोळीला गेला होतात. मी ताडपत्री सोडली, तांदळाच्या चार आणि कणकेच्या दोन अशा सहा पिशव्या माझ्या गाडीत टाकल्या, ताडपत्री परत तशीच आवळली. विचारलं असतं तर तुम्ही दिल्याच असत्यात, वर "भातात काजू जास्त घाल" असंही म्हणाला असतात. पण विसरलेय हे कबूल करायला नको म्हणून नाही विचारलं. रविवारी परत आणून ठेवू असं ठरवलं. रविवारी अंग मोडून आलं होतं, झोपून राहिले.

सोमवारी माझी गाडी सर्व्हिसिंगला होती, म्हणून तुम्ही मला ऑफिसला सोडणार होतात. गल्लीच्या टोकाला वळलो आणि तुम्ही भुवया उंचावल्या.

"आज मागून हलकी का वाटतेय गं?"

आई, मला लख्ख आठवलं. सहा पिशव्या! मी तोंड उघडलं. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही गाडी वळवली असतीत, मला दोन शब्द ऐकवले असतेत, आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण तुमची बोलणी नको म्हणून मी म्हटलं, "नाही हो आई. तुम्हाला उगाच वाटतंय."

तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत. मग म्हणालात, "असेल."

पुढच्या राउंडअबाउटच्या गोल वळणावर गाडीची शेपूट सुटली. तुम्ही पकडलीत, काय सुंदर पकडलीत, दोन्ही हात शांत. पण हलकी गाडी परत उलट्या बाजूला गेली आणि आपण कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन बसलो. इजा नाही, गाडीला एक ओरखडा फक्त. मागची गाडी थांबली, एका माणसाने फावड्याने बर्फ काढून दिला, दहा मिनिटांत आपण रस्त्यावर. तुम्ही पुढचे आठ मैल एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं तुम्ही माझ्यावर चिडलात. तुम्ही तर स्वतःच्या हातांकडे बघत होतात.

मग मी आणखी वाईट केलं. त्या दिवशी ऑफिसातून लवकर निघून, टॅक्सीने घरी येऊन, दारातली निखिलची जुनी गाडी घेऊन, मी दुकानात गेले आणि त्याच कंपनीच्या, तशाच सहा पिशव्या आणून तुम्ही यायच्या आत... नाही, तुम्ही घरीच होतात, वर पडून होतात. मी गॅरेजमध्ये गुपचूप त्या जागेवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही डिकी उघडलीत. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. ताडपत्री वर करून तुम्ही बोटाने मोजलंत. आठ. पुन्हा मोजलंत. "आहेत की सगळ्या," असं स्वतःशीच म्हणालात आणि डिकी बंद केलीत. तुम्ही ती आपटायचात नेहमी. त्या दिवशी हळू लावलीत.

आत येऊन किल्ली माझ्या हातात दिलीत. "निखिलची जुनी गाडी नेते मी आजपासून. मला गाडी हलकी वाटली आणि ती हलकी नव्हती. हाताला कळेनासं झालं की थांबावं."

हलकीच होती, आई! तुमचे हात शंभर टक्के बरोबर होते! हे एवढं एक वाक्य मी तेव्हा बोलले नाही. किल्ली घेतली, आणि आत कुठेतरी मला बरंही वाटलं की चला, सुटलो, आता आई सुरक्षित. बघा कशी आहे मी.

मग उन्हाळा आला, तुम्ही गाडी काढायचात, पण फक्त कोरड्या रस्त्यावर, देवळापर्यंत. ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी पालक निवडताना तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारलंत, "यंदा चढवावेत का गं टायर?" मला दुसरी संधी दिली होतीत, तुम्हाला माहीत नसताना. मी पालक धुवायला उठले. "कशाला आई, आता कशाला," म्हणाले. तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर तीन आठवड्यांनी, दुपारी जेवून आडव्या झालात त्या उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. काही कळलं नसेल म्हणाले. सगळे म्हणाले, भाग्याचं मरण. असेल. मी अजून रोज दुपारी दोन वाजता तुमच्या खोलीत डोकावते.

शोकसभेला मंडळातले सगळे आले होते. एकेक जण उठून बोलत होता, आणि जवळजवळ प्रत्येकाने तेच सांगितलं: मोठ्या समंजस बाई, वय झालं हे ओळखून वेळीच थांबल्या, आपल्याकडच्या इतर मंडळींनी आदर्श घ्यावा. एका काकांनी तर आपल्या वडिलांना कोपराने ढोसलंसुद्धा! मी पहिल्या रांगेत बसून मान हलवत होते. ज्या गोष्टीसाठी तुमचं कौतुक चाललं होतं ती मी केलेली लबाडी होती.

मग निखिलने गाडी विकायला काढली. ओहायोतला एक माणूस शनिवारी येणार होता. "शी वॉज डन विथ इट, अश्विनी. शी सेड सो हरसेल्फ," निखिल म्हणाला. त्याला तुमची आठवण डोळ्यांसमोर उभी नको होती, आणि तुम्हीच सोडलीत म्हणजे विकायला हरकत नाही, असा त्याचा साधा हिशेब. गाडी धुवायला न्यायची होती. क्लच कुणाला येतो? मला. म्हणून मी चालवायला बसले आणि तो शेजारी. डिकी आम्ही रिकामी केलेली. रस्ता ओला होता फक्त, बर्फही नव्हता. गल्लीच्या टोकाला वळलो आणि निखिल म्हणाला, "हं. फील्स लाइट इन द बॅक, नाही?"

दातांच्या डॉक्टरला कळलं! ज्याला गाडीतलं शून्य कळतं त्याला बसल्या जागी कळलं! मी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मला रडू फुटलं. सगळं सांगितलं. सहा पिशव्या, सोमवार, दुकान, डिकी, किल्ली, पालक. वायपर चालू राहिले होते, ते निखिलने हात लांब करून बंद केले.

"यू लेट हर थिंक दॅट? फॉर टेन मंथ्स?"

"हो."

"व्हाय डिडन्ट यू जस्ट टेल हर?"

"आधी त्यांच्या बोलण्याची भीती वाटली. मग सांगायची लाज वाटली. आणि मग... त्या गाडी चालवत नव्हत्या, ते मला हवंच होतं."

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तुमचा मुलगा चिडला की भांडी घासतो, हे तुम्हाला माहीत आहे. घरात एक भांडं उष्टं राहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने ओहायोवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "यू विल ड्राइव्ह इट. एव्हरी डे. टिल एप्रिल. आणि मंडळातल्या लोकांना तू सांगायचं. ऑल ऑफ देम."

ही मला शिक्षा होती, आई. तुम्हाला काय वाटतं, अशी शिक्षा कुणी ऐकली आहे का?

त्या रविवारी आम्ही दोघांनी तुमची चटई अंथरली. तुमचे टायर गॅरेजच्या भिंतीला उभे होते, प्रत्येकावर खडूने तुमच्या अक्षरात कुठलं चाक ते लिहिलेलं. निखिलने नट आवळले, मी जॅक धरला, दोघांनाही येत नव्हतं, एक चाक चढवायला पाऊण तास लागला. चौथं वीस मिनिटांत! मग दुकानात जाऊन आठ पिशव्या आणल्या. गल्ल्यावरच्या मुलीने विचारलं, "पार्टी आहे का आंटी?" मी म्हटलं, हो.

आणि आज बर्फ! पहाटे खिडकीतून पांढरं दिसलं आणि मी पोरीसारखी उठून बसले. सात वाजता किल्ली फिरवली. तो आवाज, आई! बरगड्यांत जाऊन बसतो. दुसरा गिअर, धिरड्याचं तेल, निघाली. पहिले दोन मैल मी श्वास घेतला की नाही आठवत नाही. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मात्र मला कळायला लागलं की तुम्ही रोज सकाळी हसत का निघायचात. माझ्या ऑल व्हील ड्राइव्हमध्ये मी रेडिओ ऐकत, आजच्या मीटिंगांचा विचार करत जाते, रस्ता कसा होता हे विचारलं तर सांगता येत नाही. हिच्यात रस्ता सीटमधून कळतो, कमरेला कळतो. इथे ओलं, इथे घट्ट बसलेला बर्फ, इथे पुलावर काचेसारखा गुळगुळीत बर्फ. अकरा मैल मी दुसरा कसलाच विचार केला नाही. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

त्याच राउंडअबाउटवर शेपूट सुटली. थोडीशी, हातभर. माझा पाय ब्रेककडे गेला नाही. नजर जायचं तिकडे, पाय हळूच वर, हात शेपटीच्या बाजूला, आणि ती आली, आई! आपण होऊन आली सरळ! मी एकटी गाडीत ओरडले, "आली!" मागून एक भलामोठा पिकअप ट्रक येत होता, त्याने बहुतेक मला वेडी समजलं असेल. दुसऱ्यांदा पुलावर सुटली, तीही पकडली. ज्या गाडीला मी सहा वर्षं नाकं मुरडली ती एवढी आनंदाची असेल हे तुम्ही मला शंभरदा सांगितलं होतं. आणि गंमत बघा, तरीही माझं एक म्हणणं कायम आहे: पुढचे वायपर थंडीत उभे करून ठेवायला पाहिजेत, तुम्ही कधी ठेवले नाहीत, आज दोन्ही काचेला चिकटले होते. यावर आपलं भांडण राहिलंच. मी जिंकले असते.

संध्याकाळी घरी आल्यावर हे सगळं लिहिलं आणि निखिलला वाचून दाखवलं, कारण त्याला मराठी वाचायला वेळ लागतो. तुमच्या खुर्चीत बसून, डोळे मिटून त्याने ऐकलं. धिरड्याला हसला. शाळेच्या पार्किंगला पुन्हा वाच म्हणाला. शेवटी मी एक वाक्य लिहिलं होतं, की माझ्या खोटेपणामुळे तुमचा धीर खचला आणि तुम्ही गाडी सोडलीत. तिथे त्याने डोळे उघडले.

"दॅट्स नॉट इट," तो म्हणाला. "आई घाबरली नव्हती. तिचे हँड्स सांगत होते लाइट आहे. तू म्हणालीस नाही. शी पिक्ड यू."

मी ते वाक्य खोडलं. तो म्हणाला ते मला इतक्या महिन्यांत एकदाही दिसलं नव्हतं. तीस वर्षं तळ्यावर आणि लॅबमध्ये तयार झालेले तुमचे हात, त्यांनी कुठल्या इंजिनिअरचं, कुठल्या साहेबाचं ऐकलं नाही. मुलाचं ऐकलं नाही, डॉक्टरचं ऐकलं नाही. आणि मी तर मैत्रिणींमध्ये, माहेरी, फोनवर, जिथे मिळेल तिथे सांगत फिरायचे की आमच्या सासूबाई माझं कधी म्हणून ऐकत नाहीत. ऐकलंत की, आई. एकदाच ऐकलंत, स्वतःच्या हातांच्या वर ऐकलंत, आणि नेमकं तेव्हाच मी खोटं बोलत होते.